उत्तरार्धातली भाकरी

कबड्डीच्या सामन्यात पहिली वीस मिनिटं बरोबरीने खेळलेला संघ मध्यंतरानंतर सात-आठ मिनिटांत लोण खातो. पूर्वार्धात चढाईपटूचा घोटा नेमका धरणाऱ्या डाव्या कोपऱ्याचा हात आता क्षणभर उशिरा पोहोचतो. चढाईला गेलेला मुलगा बोनस रेषा गाठतो, पण परतीचं पाऊल हवं तसं उचलत नाही. खो-खोत हे दुसऱ्या डावात दिसतं: पाटीवरून उठायला वेळ लागतो, खांबावरचा सूर अर्ध्यावर पडतो, समोरच्या संघाची शेवटची तुकडी आरामात वेळ काढून जाते. रेषेबाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांचं निदान एकच असतं, पोरांचा दम कमी पडला. उपायही ठरलेला असतो, उद्यापासून मैदानाला दोन फेऱ्या जास्त. सोलापूर जिल्ह्यातल्या श्रीपूर आणि आसपासच्या ऊसपट्ट्यातल्या संघांच्या खाण्यापिण्याकडे लक्ष देण्याचं काम करताना माझं मत हळूहळू या निदानाच्या विरुद्ध गेलं. आमच्या मुलामुलींचा सराव कमी नाही. पुष्कळदा तो त्यांच्या ताटाला झेपेल त्यापेक्षा जास्तच असतो. उत्तरार्धातला बराचसा थकवा आदल्या दिवसभरात पोटात न गेलेल्या भाकरीचा आणि भाताचा असतो, आणि तो भरून काढायला महागडं काहीच लागत नाही. लागते ती वेळ आणि मात्रा.

यामागचं शास्त्र नवं नाही. १९३९ साली डेन्मार्कमध्ये क्रिस्टेन्सन आणि हॅन्सन या संशोधकांनी दाखवलं की पिठूळ पदार्थांवर भर दिलेला माणूस तेवढ्याच तीव्रतेचा व्यायाम स्निग्ध पदार्थांवर राहिलेल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त वेळ करू शकतो. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन यांनी मांडीच्या स्नायूत सुई घालून चिमूटभर मांस काढलं आणि त्यातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेचा, साठा मोजला. व्यायामाने तो साठा उतरतो आणि पिठूळ खाण्याने पुन्हा भरतो, हे त्यातून प्रत्यक्ष दिसलं. सांघिक खेळाच्या दृष्टीने महत्त्वाचं काम साल्टिन यांचं, १९७३ सालचं. आदल्या दिवशी कसून सराव करून, साठा न भरता मैदानात उतरलेले फुटबॉलपटू एकूण कमी अंतर धावले आणि त्या अंतरापैकी जवळपास निम्मं त्यांनी चालत कापलं. साठा भरून आलेल्यांमध्ये हे चालणं साधारण चौथ्या हिश्श्याएवढंच होतं. ज्या सरावाने दम वाढेल असं आपण म्हणतो, तोच सराव सामन्याच्या आदल्या दिवशी उपाशीपोटी झाला तर दम हिरावून घेतो. आमच्याकडच्या प्रशिक्षकांना मी हीच गोष्ट सर्वांत आधी सांगतो, कारण स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मुलांना घाम काढायला लावण्याची सवय अजून गेलेली नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो बिनतोड वाटतो. फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा असतो, कबड्डीचा चाळीस मिनिटांचा. त्यातही एक चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची. खो-खोत आक्रमण नऊ मिनिटांचं, आणि संरक्षणाला तर तिघांची तुकडी आत असताना बाकीचे बाहेर बसलेले असतात. एवढ्याशा वेळात साठा संपेलच कसा? खरं आहे, एका सामन्यात तो संपत नाही. पण ताकद कमी व्हायला साठा संपावाच लागतो, ही समजूत चुकीची आहे. २००६ साली क्रुस्ट्रुप आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलपटूंचे स्नायू सामन्यानंतर तपासले, तेव्हा एकूण साठा बराच शिल्लक होता. मात्र एकेक तंतू वेगळा पाहिल्यावर जवळपास निम्मे तंतू रिकामे किंवा रिकामे होत आलेले सापडले. झेप, सूर आणि झटापट यांना जोरकस आकुंचन पावणारे तंतू लागतात, आणि ग्लायकोजेन भराभर वापरणारे तंतू तेच. शिवाय तंतूच्या आत ग्लायकोजेन सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. त्यातला एक भाग स्नायूला आकुंचनाचा हुकूम देणाऱ्या कॅल्शियमच्या दारांजवळ असतो. तो उतरला की बाकीचा साठा जागेवर असूनही आकुंचन ढिलं पडतं. स्वीडनमधल्याच बालसम यांनी १९९९ साली सहा सेकंदांचे जोरदार सायकलचे झटके पुन्हा पुन्हा मारायला लावले. ज्यांना आधी पिठूळ पदार्थ कमी दिले होते, त्यांची कामगिरी दहा मिनिटांच्या आतल्या छोट्या प्रयोगातही घसरली. सहा सेकंदांचा झटका, थोडी उसंत, पुन्हा झटका, ही कबड्डीच्या चढाईची आणि खो-खोच्या पाठलागाचीच चाल आहे.

शिवाय आपल्याकडे एक सामना असतोच कुठे? गावच्या यात्रेतली, जयंतीनिमित्तची किंवा चषकाची स्पर्धा दोन-तीन दिवस चालते. संघ दुपारी टेम्पोतून निघतो. पहिला सामना सातचा म्हणून सांगितलेला असतो आणि प्रकाशझोतात प्रत्यक्ष उभं राहायला रात्रीचे अकरा वाजतात. जिंकलात तर दुसरा सामना पहाटेच्या सुमारास, आणि उपांत्य फेरी दुसऱ्या दिवशी. दरम्यान पोटात काय गेलं याचा हिशेब मांडला तर थकव्याचं गूढ राहत नाही. दुपारी घरून घाईत खाल्लेली भाकरी, वाटेत चहा-बिस्किट, संध्याकाळी गाड्यावरचा वडापाव. मग सामना लवकर लागेल या भीतीने काहीच नाही. यजमान मंडळाचं जेवण चांगलं असतं, मायेने वाढलेलं असतं, पण ते सामन्यानंतर मिळतं, मध्यरात्रीनंतर, झणझणीत रश्शासकट. त्या जेवणाची खरी गरज होती संध्याकाळी पाचला.

आता रोजच्या ताटाचा हिशेब. आंतरराष्ट्रीय क्रीडा-आहाराच्या मार्गदर्शनानुसार रोज तासभर कसून सराव करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे ५ ते ७ ग्रॅम कर्बोदकं लागतात, सराव त्याहून लांबला तर ६ ते १०. पासष्ट किलोच्या मुलाला दर किलोमागे ६ ग्रॅम धरले तरी दिवसाला ३९० ग्रॅम होतात. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत साधारण ४५ ग्रॅम असतात, वाटीभर भातात ४०, एका मध्यम केळ्यात २० ते २५. आमच्याकडे वारंवार दिसणारं ताट असं: सकाळी चहा, दुपारी दोन भाकऱ्या आणि कोरड्यास, रात्री दोन भाकऱ्या आणि थोडा भात. चहातली साखर धरूनही बेरीज अडीचशेच्या आसपास थांबते. म्हणजे रोज सुमारे १४० ग्रॅमची तूट. ही तूट एका दिवसात जाणवत नाही. आठवडाभर सराव चालू राहिला की मात्र प्रत्येक सकाळी साठा थोडा अधिक रिता असतो, आणि शनिवार-रविवारच्या स्पर्धेला मुलगा त्याच अवस्थेत उतरतो. ही तूट भरायला एक जादा भाकरी, वाटीभर जादा भात, दोन केळी आणि गुळाचा खडा पुरतो. हे ऐकून पालकांचा चेहरा उतरतो, कारण ते डबाबंद पावडरीचं नाव ऐकायची तयारी करून आलेले असतात.

त्यांच्या अपेक्षेचं मूळ तालमीत आहे, असं मला वाटतं. सोलापूर जिल्ह्यात खेळाडूच्या खाण्याबद्दलची आपली सगळी कल्पना पैलवानाच्या खुराकावरून बनली आहे: दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. त्या परंपरेचा मला आदर आहे. घरच्या गाईम्हशीच्या बळावर पोरांना वाढवणारी ती पद्धत होती, आणि अंग भरण्यासाठी ती अजूनही उपयोगी आहे. पण कुस्तीतलं जोर लावून टिकणं वेगळं आणि खो-खोतलं नऊ मिनिटं उठणं, बसणं, वळणं वेगळं. तूप आणि बदाम पोटात बराच वेळ राहतात. सामन्याच्या तासभर आधी घेतलेली थंडाई पायांपर्यंत पोहोचत नाही, फक्त पोट जड करते. त्याच खुराकाचं आजचं रूप म्हणजे प्रथिनांची पावडर. प्रथिनं लागतात, यात वाद नाही. दर किलोमागे दिवसाला १.२ ते २ ग्रॅम हा खेळाडूंसाठीचा मान्य पल्ला आहे आणि आमच्या शाकाहारी घरांतली बरीच मुलं त्याच्या खालीच असतात. पण ती गरज मटकीची उसळ, तुरीचं वरण, शेंगदाणे, दूध, अंडी आणि सोयाबीन यांनी भागते. मुख्य म्हणजे प्रथिनं स्नायूंची डागडुजी करतात, उत्तरार्धात पळवत नाहीत. पोटभर पिठूळ अन्न नसलेल्या मुलाला पावडर दिली की शरीर त्या महागड्या प्रथिनांतला बराच भाग इंधन म्हणून जाळून टाकतं. कर्ज काढून पावडर आणणारे बाप मी पाहतो, तेव्हा या एका मुद्द्यावर मला शांत राहता येत नाही.

वेळेचं गणितही सोपं आहे. सामन्याआधीच्या एक ते चार तासांत दर किलोमागे १ ते ४ ग्रॅम कर्बोदकं. जितका वेळ कमी, तितकं कमी आणि हलकं. तीन तास आधी दोन भाकऱ्या आणि वरण-भात, तेल-तिखट बेताचं. तासभर उरला असेल तर केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. दोन सामन्यांमध्ये काही तासच असतील तर पहिला संपताच खायला सुरुवात करायची आणि पुढचे काही तास दर किलोमागे तासाला साधारण १ ग्रॅम चालू ठेवायचा. पासष्ट किलोच्या मुलाला दोन मोठी केळी आणि गुळाचा खडा म्हणजे एका तासाचा हिशेब. ‘वेळ नक्की नाही, मग तीन तास आधी म्हणजे कधी?’ असं मुलं विचारतात आणि ते बरोबर आहे. म्हणून पिशवीत राहणारं, न नासणारं, थोडंथोडं खाता येणारं अन्न लागतं, आणि ते सोलापूरने केव्हाच तयार करून ठेवलं आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीची कडक भाकरी आठवडाभर टिकते, टेम्पोत चुरत नाही, दर अर्ध्या तासाने एक तुकडा मोडून खाता येतो. बरोबर शेंगाचटणी चिमूटभरच, कारण तेलाचा भाग वाढला की पचन लांबतं. शेंगापोळीही उत्तम, पण ती सामन्यानंतर. उपवासाचंही तसंच. शालेय स्पर्धा आणि नवरात्र बहुधा एकाच मोसमात येतात आणि नऊ दिवसांचा उपवास मोडायला सांगणं मला योग्यही वाटत नाही. साबुदाणा, भगर, रताळं, केळं, राजगिरा हे सगळे पिठूळ पदार्थच आहेत. उपवास करणारी मुलगी ते पोटभर आणि वेळेवर खाईल तर तिचा साठा भरलेला राहील. अडचण होते ती फक्त चहावर काढलेल्या दिवसाची.

मग साखर. श्रीपूरचं नावच साखरेशी जोडलेलं आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने इथे कारखाना उभा केला आणि आज श्री पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचा गाळप हंगाम गावाचं वर्ष ठरवतो. त्याच आगाशे यांच्या नावाचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ चालवतं. साखर आणि शरीर-शिक्षण एका नावाखाली यावीत, हा योग मला अर्थपूर्ण वाटतो. पण गेल्या काही वर्षांत साखरेचं नाव इतकं खराब झालं आहे की मैदानावरच्या मुलाला गुळाचा खडा दिला तरी कोणीतरी मधुमेहाची आठवण करून देतं. ती भीती निराधार नाही. दिवसभराच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी वाटा वरून घातलेल्या साखरेचा असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि बसून काम करणाऱ्याने ते पाळावंच. खेळाडूनेही बाकीच्या वेळी पाळावं. मात्र सामन्याच्या आधीचा, मधला आणि लगेच नंतरचा तास वेगळा आहे. त्या वेळी काम करणारे स्नायू साखर थेट ओढून घेतात. इतकंच काय, तासाभराच्या जोरदार व्यायामात गोड पाण्याची नुसती चूळ भरून थुंकली तरी कामगिरी थोडी सुधारते, असं सायकलपटूंवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. जिभेला गोड लागताच मेंदू हात सैल सोडतो. मध्यंतराच्या पाच मिनिटांत दोन-चार घोट गोड पाणी द्यायला एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

उसाचा रस इथे दर फर्लांगावर मिळतो, म्हणून त्याच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. रसात शंभर मिलिलिटरला साधारण १३ ते १५ ग्रॅम साखर असते. व्यायाम चालू असताना पोटातून लवकर पुढे सरकणारं पाणी ६ ते ८ टक्के गोडीचं असतं. म्हणून निव्वळ रस सामन्याच्या मध्ये पोटात डचमळतो. निम्मं स्वच्छ पाणी, चिमूट-दोन चिमूट मीठ आणि लिंबू घातलं की तो बाटलीबंद पेयाच्या बरोबरीला येतो. सामना संपल्यावर तर तो निव्वळ घेतला तरी उत्तम. गाड्यावरचा बर्फ आणि न धुतलेला चरक यांची खात्री नसेल तर घरचं सरबत बरं: लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे बारा सपाट चमचे, पाव चमच्याहून थोडं जास्त मीठ आणि लिंबू. आमच्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी चारच्या सरावाला मैदान तापलेलंच असतं. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त पाणी घामावाटे गेलं की उष्ण हवेत दम आणि लक्ष दोन्ही उतरतात. पासष्ट किलोच्या मुलासाठी हे सव्वा लिटरच्या आसपास. सरावाआधी आणि नंतर वजनकाट्यावर उभं राहिलं की हा आकडा ज्याचा त्याला कळतो, कोणाच्या सल्ल्याची गरज उरत नाही. खेळताना पाणी प्यायलं की पोटात दुखतं, ही समजूत एकदम तांब्याभर पिणाऱ्यांच्या अनुभवातून आली आहे. घोट-घोट पिणाऱ्यांना ते जड जात नाही.

कबड्डीत एक खरी अडचण वजनगटाची आहे. किशोर आणि कुमार गटांना वजनाची मर्यादा असते आणि दोन-तीन किलोंनी वर असलेला मुलगा वजन घेण्याआधी दोन दिवस जेवण आणि पाणी तोडतो, स्वेटर घालून पळतो. ‘आम्ही पोरांना भाकरी वाढवली तर वजनात बसायचं कसं?’ हा प्रशिक्षकांचा प्रश्न टाळता येत नाही. उत्तर असं की दोन दिवसांत उतरलेलं वजन म्हणजे पाणी आणि ग्लायकोजेन. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर स्नायू जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. काट्यावर जिंकलेला तो मुलगा मैदानात लागणारं नेमकं तेच इंधन हरवून बसलेला असतो. वजन उतरवायचंच तर ते स्पर्धेच्या दीड-दोन महिने आधीपासून, आठवड्याला अर्धा किलोच्या आत, तळलेलं आणि बेकरीचं खाणं कमी करून. आणि वाढत्या वयाच्या मुलाची उंची आणि हाडंच त्याला गटाबाहेर नेत असतील, तर त्याला पुढच्या गटात खेळू द्यावं. एका चषकासाठी चौदा वर्षांच्या शरीराची वाढ रोखणं मला मान्य नाही, संघ कितीही तयार असो.

मुलींच्या बाबतीत सगळा प्रश्न अधिक खोल जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे नऊ मुली मैदानात उभ्या असतील तर त्यातल्या चार-पाच जणींच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच अपुरं असण्याची शक्यता धरून चालावं लागतं. अशा मुलीला दोन फेऱ्या जास्त मारायला लावणं हा अन्याय आहे. लोहाची कमतरता रक्तक्षयापर्यंत पोहोचलेली नसतानाही थकवा आणते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हिमोग्लोबिन पुरेसं पण लोहाचा साठा कमी असलेल्या स्त्रियांना बारा आठवडे लोह दिलं, तेव्हा त्यांच्या थकव्याच्या तक्रारी लक्षणीय कमी झाल्या. पाळी, वाढीचं वय आणि सराव या तिन्ही वाटांनी लोह खर्च होतं. भरपाईला बाजरी, मटकी, हुलगे, पालेभाजी, अळिवाचे लाडू आहेत, पण वनस्पतीतलं लोह शरीर कंजूषपणे घेतं. उसळीवर लिंबू पिळलं की ते वाढतं आणि जेवणाबरोबर चहा घेतला की घटतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. आमच्याकडे सरावाहून आलेल्या मुलीच्या हातात आधी चहाचा कप दिला जातो, भाकरी नंतर. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली मळमळतं म्हणून फेकून देतात. उपाशीपोटी घेतली तर मळमळणारच. जेवणानंतर घ्या, इतकंच सांगितलं तरी बऱ्याच जणी ती घेतात. जास्तीच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत, आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावं.

गोळीने न सुटणारा भाग घरातला आहे. सरावाहून साडेसातला आलेली मुलगी आईबरोबर चुलीशी उभी राहते, भावाला आणि वडिलांना वाढते आणि मागाहून उरलेलं खाते. रश्श्यातली डाळ तोवर तळाला गेलेली असते, दूध संपलेलं असतं. व्यायामानंतरचे जे पहिले एक-दोन तास स्नायू साठा भरायला सर्वांत उत्सुक असतात, ते तिचे वाढण्यात जातात. त्यात भर म्हणून ‘बारीक राहिलीस तर पळशील’ हा सल्ला. खर्चापेक्षा खाणं सतत कमी राहिलं की पाळी लांबते किंवा थांबते, हाडं कमजोर होतात, दुखापती वाढतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली ही अवस्था एक स्वतंत्र विकार म्हणून मांडली आणि २०२३ मध्ये त्यावरचं मार्गदर्शन सुधारलं. पाळी थांबली म्हणजे कटकट गेली, असं समजणाऱ्या मुली आणि माता दोघींनाही हा धोक्याचा इशारा आहे हे सांगावं लागतं. घरच्यांचं मन बदलायला एक निमित्त मात्र मिळालं आहे: जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असं हरवलं. प्रियांका मूळची बीड जिल्ह्यातली. त्या विजयानंतर आमच्या भागात मुलींना मैदानावर पाठवायला पालक अधिक राजी झाले, हे मी रोज पाहतो. त्याच पालकांना मी सांगतो की बूट घेण्याआधी तिला संध्याकाळी घरात आल्या आल्या पहिली बसवा, ताट आधी तिचं वाढा.

‘ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत आहे त्याला तुम्ही ग्रॅम मोजायला सांगता,’ असंही मला ऐकावं लागतं. या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच भार एकट्या घरावर टाकू नये असं माझं मत आहे. शाळेतला पोषण आहार पहिली ते आठवीपर्यंतच मिळतो. सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज दीडशे ग्रॅम धान्य आणि सातशे उष्मांकांचं जेवण ठरलेलं आहे. नववीत गेलेल्या मुलाचं ते ताट एका सुट्टीत बंद होतं, आणि नेमकं तेव्हाच त्याची उंची झपाट्याने वाढत असते आणि तो किशोर गटाच्या संघात येतो. नववी-दहावीच्या खेळाडूंसाठी शाळा, मंडळ किंवा कारखान्याने संध्याकाळच्या सरावानंतर रोज दोन केळी, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गूळ एवढं दिलं तरी तुटीचा मोठा हिस्सा भरतो. चषकावर आणि गणवेशावर होणाऱ्या खर्चाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. हंगामात रात्रपाळी करून सकाळी मैदानावर येणाऱ्या, ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर राबणाऱ्या मोठ्या मुलांचा थकवा अन्नाने पूर्ण जाणार नाही, त्यांना झोपच हवी, हे मी मान्य करतो. त्यांच्या सरावाचे दिवस कमी करावेत, खाणं नाही.

अलीकडे मोबाइलवर पाहून पोळी-भात सोडणारे खेळाडूही भेटतात. चरबी जाळायला शरीर शिकतं, हे खरं आहे. पण ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांनी जागतिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंवर प्रयोग केला, तेव्हा पिठूळ पदार्थ तोडलेले खेळाडू चरबी जास्त जाळू लागले, पण सराव करूनही शर्यतीत सुधारले नाहीत. तेवढ्याच वेगाला त्यांना जास्त प्राणवायू लागू लागला. चालणाऱ्याची ही गत, तर झेपा घेणाऱ्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. आमच्या मुलांच्या ताटात मुळात कमी असलेली भाकरी काढून घेण्यासारखं दुसरं नुकसान नाही.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांकडून तीनच गोष्टी हव्या आहेत आणि त्या फार खर्चाच्या नाहीत. सामन्याच्या वेळा आदल्या दिवशी संघांना कळवाव्यात आणि त्या शक्य तितक्या पाळाव्यात. जेवणाची पंगत संध्याकाळी पाच-साडेपाचला बसवावी, वरण-भात-भाकरी साधी असावी आणि झणझणीत रस्सा विजेत्यांसाठी राखून ठेवावा. मैदानाच्या कडेला पाण्याच्या पिंपाशेजारी लिंबू-साखर-मिठाच्या सरबताचं दुसरं पिंप असावं. तालुक्यातल्या काही मंडळांशी याबाबत बोलणं चालू आहे. पंगत लवकर बसवायला त्यांची हरकत नाही, वाढपी मंडळी शेतातून संध्याकाळी सातशिवाय येत नाहीत ही त्यांची अडचण आहे. त्यावर महिला बचतगटांना दुपारच्या स्वयंपाकाचं काम द्यावं, असं मी सुचवलं आहे.